मागं कोण सरकलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकींना नाही, देवापुढंही नाही. तुम्ही लांबचे आहात — म्हणून जमेल कदाचित.

यमुना माझी धाकटी जाऊ. ती काही वाईट नव्हती — तेच तर! दीर तिला फार जपायचे. बाजारातून येताना तिच्यासाठी चिंचा, बोरं, काही ना काही धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. आमच्याकडं बाजारातून यायचा तो वास. दारूबंदी होती म्हणे! दौंडच्या आसपास ती बंद झालेली मला तरी कधी दिसली नाही. यमुनेला दिवस गेले तेव्हा तर ओढ्याच्या चढाला दीर तिला गाडीतून खाली उतरवायचे आणि मगच बैल वर घ्यायचे. मी दोन्ही खेपेला पोट घेऊन भारे वाहिले होते. मला कोण उतरवणार? खोटं कशाला सांगू — जळायची मी.

त्या दिवशी दिरांची कालव्याच्या पाण्याची पाळी होती. "वैनी, हिला नीट आना," एवढं म्हणून ते शेतावर गेले. यमुनेला दौंडला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं, बाजारही होता; गाडी हाकायला मालक. आम्ही दवाखान्यात होतो तेवढ्यात मालक पिऊन आले. पेंडेची पोती त्यांनी सगळी मागच्या अंगाला रचली. मागं वजन झालं की चढाला जू वर उचलतं आणि गाडी मागं कलून उलाळ होते — हे पोराटोरांनाही कळतं. शुद्धीत असते तर त्यांनीच मला शिकवलं असतं.

ओढा आला. यमुना माझ्या शेजारी, गाडीत मधोमध बसलेली. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. काही सांगायचं तर माझ्या तोंडून. ती हळूच म्हणाली, "अक्का, चढ हाय. आमी उतरतो म्हना की त्यास्नी."

एवढंच पोचवायचं होतं मला. आणि माझ्या मनात काय आलं? आली मोठी नाजूक! आज तुझा नवरा नाही गाडीवर — बस माझ्यासारखी. तिनं पुन्हा माझ्या हाताला हात लावला. मी तोंड फिरवलं.

मालकांनी आसूड ओढला. पोती घसरली, जू वर गेलं, आम्ही दोघी मागं फेकल्या गेलो. मी पोत्यांवर पडले. ती दगडांवर.

मूल गेलं. पुन्हा तिची कूस उजवली नाही.

घरी सगळे जमले. मालकांच्या तोंडाचा वास ओसरीभर झाला होता, पण त्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. सासूबाईंनी विचारलं काय — "मागं कोन सरकलं?" म्हणजे कुणीतरी सरकलं हे ठरलेलंच! मी म्हणाले, "यमुना."

नवऱ्याला वाचवायला म्हणाले, असं वाटेल तुम्हाला. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण तसं नव्हतं हो. दीर तिच्याजवळ बसून तिचे पाय चोळत होते — मी ते पाहिलं, आणि म्हणाले. त्यांचा हात थांबला. मला हवं होतं ते मिळालं.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. पोटुशी बाईला बसायचं कसं कळू नये का, असं गावभर झालं. यमुना माझ्याकडं एकदा बघून खाली मान घालून राहिली. मला वाटलं, आज ना उद्या बोलेल. ती बोलली नाही.

पुढं काही वर्षांनी आम्ही दोघी पाटसला एका लग्नाला निघालो. एसटी भरलेली, फक्त शेवटच्या बाकावर दोन जागा. मी बसले, तिलाही ओढलं. ती दांडा धरून उभीच.

"बसा तुमी, अक्का. त्या दिशी मागं सरकले नसते तर माझं पोरगं आज साळंत गेलं आसतं. मी न्हाई बसायची मागं."

तिला ते खरंच वाटत होतं. माझं खोटं तिनं आपलं म्हणून धरलं होतं. "तू मधेच बसली होतीस गं" — एवढंच म्हणायचं होतं मला. ओठांवर आलंही होतं.

पाटसपर्यंत ती उभी होती. मी बसून होते.