उधव्याच्या कंप्युटरची रजिस्ट्री

गेल्या वर्षीचा दसरा. भरतकामाच्या मशीनपुढे ठेवलेली दक्षिणा एकशे एक रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, उधव्याला राहणारी माझी मेहुणी आणि तिची सासू. साडू आत खाटेवर होता. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याला फार वेळ बसवत नाही, त्यामुळे घर या मशीनवरच चालत होतं. उंबरगावचा एक व्यापारी ब्लाउजची कापडं पाठवी, मेहुणी त्यांवर वेलबुट्टी काढून देई. त्याआधी सहा वर्षं ती गुजरातच्या सीमेपलीकडच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून पॅकिंग करत होती. तिथं परत जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं असे.

दसऱ्याला यंत्र चालवायचं नाही, ही त्या घरची रीत. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि मेन स्विच खाली केला. मशीनच्या कंप्युटरवर तेव्हा अपडेट चालू होतं. बंद करू नका, असं पडद्यावर लिहिलं होतं, पण इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी कंप्युटर सुरूच होईना.

मी कचेरीत कारकून आहे. तिथले कंप्युटर अडले की मीच बघतो, म्हणून हेही काम माझ्याकडे आलं. हार्ड डिस्क काढून डहाणूला आणली आणि घरच्या कंप्युटरला जोडली. डिझाइनच्या फायली मोजल्या. तीनशे बारा, सगळ्या शाबूत. बिघडली होती ती रजिस्ट्री. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणत्या परवान्यावर चालतो, हे कंप्युटर स्वतःसाठी तिच्यात लिहून ठेवतो. तिच्या पाच फायली असतात आणि त्यांच्या राखीव प्रतींचा एक फोल्डर. तो उघडला. पाचही फायली नावानिशी होत्या आणि प्रत्येकीचा आकार शून्य होता.

मग मूळ फायलीच माझ्या कंप्युटरवर उघडून पाहिल्या. सिस्टीमची उघडली, तिच्यातल्या चुकीच्या नोंदी दुरुस्त केल्या. प्रोग्रॅमांची काही केल्या उघडेना. कंप्युटर विकणाऱ्यानं डिस्कवर एक जुनी प्रत ठेवलेली सापडली, पण ती भरतकामाचा प्रोग्रॅम बसवण्याआधीची. दुसरा इलाज नव्हता. तीच बसवली आणि रविवारी बायकोला घेऊन उधव्याला गेलो.

डिस्क परत जोडताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आठवडाभर पोट फाडून ठेवलंत. पेशंट बोलणार का आता?"

पेशंट बोलला. पडदा उजळला, तशी मेहुणीनं ओले हात पदराला पुसले आणि खुर्चीत बसली. भरतकामाचा प्रोग्रॅम उघडायला गेली, तर त्यानं परवाना मागितला. प्रोग्रॅम विकणारा सुरतेचा माणूस धंदा बंद करून गेला होता. त्याचा नंबर लागत नव्हता. नव्या प्रोग्रॅमची किंमत मशीनपेक्षा जास्त. आणि त्या फायली दुसऱ्या कशात उघडत नाहीत, हे मी घरी तपासून आलो होतो. ते सगळं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे भाऊजी, फुलं आत आहेत, पण काढता येणार नाहीत."

"हो," मी म्हणालो.

सासूबाईंनी विचारलं, हे असं झालं तरी कशानं? बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत मेहुणी म्हणाली, "लाइट गेली होती, आई."

"मेली ती लाइट," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

व्यापाऱ्यानं दोन आठवडे वाट पाहिली, मग कापडं परत नेली. पुढच्या सोमवारी मेहुणी कारखान्यात रुजू झाली. कारखान्याच्या बसचे महिन्याचे नऊशे रुपये आगाऊ भरायचे होते. मी देऊ केले, तिनं घेतले नाहीत. आपले नऊशे तिनं ड्रायव्हरच्या हातात मोजून दिले.