फॉर्मॅटमध्ये नाही

पंचशील तायडे नोकरीत होते तोवर त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज वाकडातिकडा पुढे गेला नाही, असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं, आणि दुर्दैवाने ते खरं होतं. इंदूरच्या एका सरकारी दफ्तरात ते आवक खिडकीवर बसायचे. खिडकीशी आलेला माणूस आपली अडचण सांगू लागला की तायडेबाबू त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, कागदाकडे बघायचे. समास कमी सोडलाय, फोटो भलत्याच कोपऱ्यात चिकटवलाय, सही रेघेच्या खाली गेलीय. "फॉर्मॅट में नहीं है," एवढं म्हणायचं आणि कागद परत सरकवायचा. बेटम्याहून सकाळची बस पकडून आलेल्या एका म्हातारीने त्यांना एकदा विचारलं होतं, "बेटा, ये फॉर्मॅट मिलता कहाँ है?" मागे रांगेतले लोक हसले. बाबूंना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. त्यांनी म्हातारीला परत पाठवलं.

आता त्यांची बाजूही सांगायला हवी. आजोबा दगडू तायडे महूच्या छावणीत शिपाई होते. वडील घराण्यातले पहिले कारकून. नोकरीच्या पहिल्या दिवशी वडिलांनी पंचशीलला बजावलं होतं, की दुसऱ्यांची चूक त्यांच्या एकट्याच्या नावावर पडते, आपली चूक सगळ्या समाजाच्या नावावर टाकतात, तेव्हा जपून. मुलाने ते इतकं मनावर घेतलं की दफ्तरात त्यांच्या कागदात खोट काढायची कुणाची टाप झाली नाही. अधिकारी बदलले, सरकारं बदलली, बाबू तसेच राहिले. हे सोपं नव्हतं, आणि त्यांनी ते ताठ मानेने केलं.

पण दफ्तरातली सवय चपलांबरोबर दाराबाहेर थोडीच राहते? दूध नासलं असं पत्नी शारदाबाई म्हणाल्या तर बाबू पातेलं नाकाशी नेणार. मैत्री, त्यांची एकुलती एक मुलगी, वर्गात पहिली आली म्हणून उड्या मारत आली तरी आधी मार्कशीट बघणार, मग पेढे. लेकीवर जीव होता, अगदी मनापासून होता. फक्त तपासून झाल्याशिवाय तो बाहेर पडत नसे.

मैत्री मोठी झाली, एका खासगी शाळेत शिकवू लागली आणि गेल्या वर्षी सरकारी शाळेसाठी तिची निवड झाली. घरात केवढा आनंद! नुसतं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. आणि नेमकं त्याच दिवसांत मल्हारगंजच्या एका चिंचोळ्या वळणावर उलट्या बाजूने एक गाडी अंगावर आली. मैत्रीने वाचायला हँडल फिरवलं आणि तिची स्कूटी एका म्हाताऱ्या जामवाल्याच्या, म्हणजे पेरूवाल्याच्या, ठेल्यावर गेली. पेरू रस्ताभर झाले, म्हाताऱ्याचा पाय मोडला. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. जमलेल्या गर्दीने एकच गोष्ट धरून ठेवली: "लड़की मोबाइल पे बात कर रही थी." पाहिलं कुणीच नव्हतं, सांगत मात्र सगळे होते. केस मैत्रीवर झाली, आणि केस म्हणजे नेमणूक लटकली.

बाबू दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या कोपराला पट्टी बांधत होते. लेक बापाला बघून रडायला लागली. बाबूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "फोन हातात होता काय?"

"नाही बाबा. डिक्कीत होता."

घरी आल्यावर चहा घेताना त्यांनी पुन्हा विचारलं, "एकदाही हातात नव्हता घेतला ना? एखादा मेसेज बघायला वगैरे?" मैत्रीने अर्धा कप तसाच ठेवला आणि आत गेली. शारदाबाई म्हणाल्या, "एकदा बोलली ना ती. कितीदा विचारणार?" बाबू म्हणाले, पोलीसपण विचारतीलच.

त्याच वळणावर लक्ष्मीकांत यांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. दुकानावर कॅमेरा. बाबू तिथे गेले तर लक्ष्मीकांत स्वतःच म्हणाले, "तायडेजी, मैंने पूरा देखा है. मुलीची काही गलती नाही. गाडीवाला राँग साइडने घुसला, तिने वाचवायला हँडल मारला, बस. या ना आत, दाखवतो."

आत गिऱ्हाइकं होती. पडदा चांगला मोठा होता. बाबूंच्या डोळ्यांसमोर आलं, की इतक्या लोकांसमोर चित्र सुरू व्हायचं आणि मैत्रीच्या कानाशी फोन दिसायचा. "गर्दी आहे," ते म्हणाले, "तुम्ही एका पेन ड्राइव्हमध्ये देऊन टाका."

लक्ष्मीकांतनी दिलं, वर दोन गोष्टी सांगितल्या. गवाहीसाठी आपलं नाव घ्यायचं नाही, कोर्टकचेरी आपल्याच्याने होणार नाही. आणि पेन ड्राइव्ह जपायची, कारण कॅमेऱ्यात जुनं पुसून त्याच्यावर नवं चढतं, हे एकदोन दिवसांतच जाईल. बाबूंनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि घरापर्यंत खिशावर हात ठेवूनच आले.

पोलीस ठाण्यातल्या मुन्शीने ड्राइव्ह हातातसुद्धा घेतली नाही. "बाबूजी, हमारे कंप्यूटर में ये नहीं लगती, ऊपर से बंद है. साहब के नंबर पे व्हॉट्सअ‍ॅप कर दो."

संध्याकाळी मैत्री म्हणाली, "आणा बाबा, उद्या शाळेच्या कंप्यूटरला लावते आणि तिथूनच पाठवून देते. पाँच मिनिट का काम है."

"पहिले मी बघतो," बाबू म्हणाले.

"तुम्ही कशावर बघणार?"

"फोनवर. बघून घेतो, मग पाठवू."

बापाची सवय तिला नवी नव्हती. खरं काय ते बाबूंनाच ठाऊक होतं. फोन हातात दिसला तर ती ड्राइव्ह ठाण्यात जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. लेकीला वाचवायला निघालेला हा बाप आधी तिला गुन्हेगार धरूनच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मैत्री शाळेत गेल्यावर बाबू कामाला लागले. पेन ड्राइव्ह फोनला लागावी म्हणून मधे लावायचा तो छोटासा ओटीजीचा तुकडा बाजारातून आणला होता. लावला. काही नाही. काढला, फुंकला, पुन्हा लावला. काही नाही. चष्म्याच्या कापडाने दोन्ही टोकं पुसली. फोन बंद करून सुरू केला. शेवटी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ओटीजी नावाचं बटण सापडलं, ते बंद होतं. ते चालू केल्याबरोबर ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकला आणि बाबूंना अगदी जग जिंकल्यासारखं झालं. त्यांनी शारदाबाईंना हाक मारली, "इकडे या, लागली बघा!"

पण पडद्यावर चित्र आलं नाही. आला तो एक निरोप. फोन हिंदीत ठेवलेला होता, निरोपही हिंदीत होता: यह ड्राइव इस फ़ोन के लिए सही फ़ॉर्मैट में नहीं है. इस्तेमाल करने के लिए फ़ॉर्मैट करें.

बाबूंनी तो वाचला आणि, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं. एवढ्या परक्या यंत्रात एक तरी शब्द ओळखीचा निघाला. फॉर्मॅटमध्ये नाही! मग बरोबरच आहे, कशी घेणार? लक्ष्मीकांत दुकानदार माणूस, दिली असेल कशीतरी कोंबून. फोन बिचारा नियमाने चाललेला. नाकारून गप्प बसला नाही, नीट करून द्यायलाही तयार आहे. आपल्या खिडकीवर अशी सोय असती तर त्या सगळ्या लोकांचे हेलपाटे वाचले असते, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं.

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ड्राइव की सारी सामग्री मिट जाएगी. बाबूंनी तीही वाचली. वाचली नाही असं म्हणायची सोय नाही. पण असल्या ओळी जन्मभर त्यांनीच अर्जांच्या तळाशी छापून घेतल्या होत्या, पुढील तक्रारीचा विचार केला जाणार नाही, दफ्तर जबाबदार राहणार नाही. त्या असाव्या लागतात म्हणून असतात, त्यांनी कुणाचं काही बिघडल्याचं बाबूंना आठवत नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं.

हिरवी रेघ सरकत सरकत टोकाला गेली. ड्राइव तैयार है, असं फोन म्हणाला. बाबूंनी ड्राइव्ह उघडली. आत काहीच नव्हतं.

त्यांनी बंद केली, पुन्हा उघडली. आपल्या फोनला दाखवता येत नसेल, असं त्यांनी ठरवलं. आता दाखवता येतं की नाही हे कसं कळणार? काहीतरी टाकून बघावं. फोनमध्ये सगळ्यात मोठा व्हिडिओ होता तो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा: हार, शाल, साहेबांचं लांबलचक भाषण, तायडेजी जैसा पक्का आदमी इस दफ्तर को दोबारा नहीं मिलेगा. तो त्यांनी ड्राइव्हवर चढवला. चढला, दिसला, चाललासुद्धा. साहेब बोलत होते तेवढ्यात बाबूंनी फोन बंद केला आणि ड्राइव्ह खिशात घातली.

ते तसेच उठून लक्ष्मीकांतकडे गेले. कॅमेऱ्यात त्या दिवसाचं काही उरलं नव्हतं. "मैंने बोला था ना," लक्ष्मीकांत म्हणाले. तिथून बाबू मोबाइल दुरुस्तीवाल्या आशिषकडे गेले. त्याने ड्राइव्ह आपल्या कंप्यूटरला लावली, बराच वेळ काहीबाही चालवून बघितलं.

"अंकल, नुसतं फॉर्मॅट केलं असतं ना, तर ते परत काढता आलं असतं," तो म्हणाला. "त्याच्यावर हे काय टाकलंय तुम्ही? कुणाची पार्टी आहे ही?"

"माझी," बाबू म्हणाले.

"मग झालं. सगळं याच्याखाली दबलं. अब कुछ नहीं होगा." त्याने ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडला.

बाबूंना त्या पोराचा राग आला, यंत्र बनवणाऱ्यांचा आला, निरोप लिहिणाऱ्याचा आला. घरी येईपर्यंत त्यांचं सगळ्यांना दोषी धरून झालं. घरात शिरल्यावर मात्र शारदाबाईंनी "काय झालं?" एवढंच विचारलं आणि हा पक्का माणूस खुर्चीत बसून ढसाढसा रडला.

मैत्री आली. बाबूंनी तिला सगळं सांगितलं: ओटीजी, बटण, फॉर्मॅट, बारीक ओळ, समारंभ. काही लपवलं नाही, खिडकीवर कुणी सांगितलं नसेल इतकं सरळ सांगितलं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तिने काढली नव्हती.

"वकिलाशी बोलू," बाबू म्हणाले. "काहीतरी मार्ग निघेल. तुझी नोकरी..."

"नोकरीचं राहू द्या बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "लक्ष्मीकांतकाका दुकानात दाखवत होते ना तुम्हाला? ते सांगितलं मला त्यांनी. तिथे का नाही बघितलं?"

"गर्दी होती," बाबू म्हणाले.

"गर्दी होती म्हणालात. गर्दीत काय दिसलं असतं?"

"मैत्री," शारदाबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना आता. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही गं आई. मशीनचं काय, मशीनला तर कुणीपण फसतो. माझ्याकडून पण झालं असतं." ती बापासमोर येऊन बसली. "मी सांगितलं, फोन डिक्कीत होता. काकांनी पूर्ण बघितलं, गलती नाही म्हणाले. तरी तुम्हाला बघायचंच होतं. बरं, आता बघायला काही उरलं नाही. आता तुम्हीच सांगा बाबा. होता का माझ्या हातात फोन?"

उत्तर सोपं होतं. बाबूंना ते ठाऊकही होतं, आणि लेकीसाठी त्यांनी त्या घडीला प्राणही दिला असता. "नव्हता," ते म्हणाले. पण म्हणायच्या आधी ते थांबले. अगदी जरासेच थांबले, कागद पुढे सरकवण्याआधी थांबायचे तेवढेच, आणि मैत्रीला तेवढं पुरलं.