शेषरावभाऊंनी धुरा फोडला ती पहाट

खरं सांगायचं तर गेल्या ईस्टरच्या आधी महिनाभर मी देवाशी धड बोलतच नव्हते. प्रार्थनेला बसायचे, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात भांडायचे. कारणही तसंच होतं. आर्वीपासून जवळच असलेल्या आमच्या गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मूठभर, आणि आमचं कबरस्थान गावाबाहेर. तिथे जाणारी गल्ली दिवाळीनंतर एका प्लॉटवाल्याने काटेरी तार ओढून बंद केली. आजूबाजूची जमीन त्याने घेतली होती, तेव्हा गल्लीही आपलीच, असं त्याचं म्हणणं. पणजोबांच्या पिढीला पाणवठ्यावर अडवलं, आता आम्हाला मेल्यावर अडवताहेत, म्हणून मी संतापायचे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "धीर धरा बाई, प्रभूवर सोपवा." सोपवा म्हणजे गप्प बसा, एवढाच अर्थ मला लागायचा आणि डोकं आणखी तापायचं.

हे सगळं मला जास्तच झोंबत होतं, कारण आई आजारी होती. पोटाचा कर्करोग. उपचारांसाठी सावंगीला खेपा चालू होत्या. आजाराला आई फारशी घाबरली नव्हती. तिला काळजी एकाच गोष्टीची, बाबांच्या कबरेशेजारच्या जागेची. तार लागल्यानंतर मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ वारले, तर त्यांना आर्वीला नेऊन पुरावं लागलं. तेव्हापासून आई जेवता जेवता मध्येच थांबून विचारायची, "मले बी तिकडंच नेशीन का वं?" मी "नाही गं" म्हणायचे. कशाच्या बळावर म्हणायचे, देव जाणे.

ईस्टरच्या दिवशी उजाडायच्या आत कबरस्थानात जायचं, आपापल्या माणसांच्या कबरेवर मेणबत्ती लावायची आणि सूर्य वर येईपर्यंत गात राहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. या वेळी मात्र वडीलमंडळींनी ठरवलं की वाद नको, चर्चच्या अंगणातच उपासना घेऊ. मी भर बैठकीत दोन शब्द जास्तच बोलले आणि तणतणत घरी आले. पहाटे उठून पाहते तर आई पांढरं लुगडं नेसून तयार! पिशवीत मेणबत्त्या, काडेपेटी, प्यायचं पाणी. "चाल," म्हणाली. मी म्हटलं, अगं, तिथं तार आहे. तर म्हणते, "मंग? त्या पयल्या बाया पहाटं प्रभूच्या कबरेकडं निंघाल्या, तवा तिथं धोंड होतीच ना? धोंड कोन सरकवीन म्हनत म्हनत निंघाल्याच ना त्या?"

ऑटोने निघालो. वाटेत आणखी दोन-तीन म्हाताऱ्या आम्हाला पाहून चर्चकडे जायच्या त्या आमच्याच मागे वळल्या. तारेपाशी पोचलो तर समोर अंधुक उजेडात कबरांवरचे क्रूस दिसत होते, बाबांच्या कबरेवरचा चाफाही ओळखू येत होता, आणि मध्ये ती मेली तार! आईने तारेच्या खांबाला एका हाताने धरलं, दुसऱ्या हातात मेणबत्ती घेतली आणि म्हणाली, "गा." बाकीच्या गाऊ लागल्या. कापऱ्या आवाजात, पण अगदी मोकळ्या गळ्याने. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. मनात म्हटलं, प्रभू, हिला एवढ्या लांबून दाखवायचं होतं, तर हिला इथवर आणलंस कशाला? प्रार्थना म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं, तक्रारच होती सगळी.

तेवढ्यात शेताकडून कोणी तरी धावत येताना दिसलं. कबरस्थानाला लागून ज्यांचं वावर आहे ते शेषरावभाऊ. उन्हाळ्यात बैलांपाशी वावरातच झोपतात. धापा टाकत आले आणि आमच्यावरच ओरडले, "अवो, तुम्ही इकडून काऊन गाऊन राह्यल्या? दरसाल तुमचं गानं माह्या धुऱ्याकडून येते. ते आयकून मी उठतो, बैलायले कुटार टाकतो. आज रोडाकडून आवाज आला, तं मले वाटलं मीच झोपीत दिशा चुकलो!" आम्हाला अशा वेळीही हसू फुटलं. मग त्यांची नजर तारेवर गेली, खांब धरून उभ्या असलेल्या आईवर गेली. गल्ली बंद झाल्याचं त्यांच्या कानावर होतं, पण बंद गल्लीपाशी उभं राहिलेलं माणूस त्यांनी आज पाहिलं असावं. डोकं खाजवत म्हणाले, "थांबा मावशी. बंडी आनतो."

आईला बैलबंडीत बसवून आम्ही पांदणीने, शेतांमधल्या बैलवाटेने, त्यांच्या वावरात गेलो. वावर संपतं तिथे धुरा, म्हणजे शेताची हद्द, आणि तिच्यावर बोरी-बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण. आता धुरा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. खुद्द शेषरावभाऊंचं आपल्या चुलतभावाशी याच पायी पटत नाही. त्या माणसाने कुऱ्हाड आणली आणि आपल्या हाताने आपलंच कुंपण फोडायला घेतलं! काटे लागून हातातून रक्त आलं तरी थांबेनात. म्हाताऱ्या काटे ओढून बाजूला करू लागल्या, मीही करू लागले, आणि कधी गायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मोठमोठ्याने गात होते, रडत होते, हसत होते. आनंदाने वेड लागायचंच बाकी होतं.

सूर्य वर यायला आणि आई बाबांच्या कबरेपाशी बसायला एकच गाठ पडली. तिने मेणबत्ती लावली, शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला आणि शेषरावभाऊंना जवळ बोलावलं. "देव तुमचं भलं करो, भाऊ. पन मी मेल्यावर मले तुमच्या वावरातून नोका आनू."

ते गोंधळले. "काऊन, मावशी? म्या काई नाई म्हटलं का?"

"तुमच्या दयेनं मी एकटी येईन. बाकीचे कुठून येतीन? सगळ्यायले गल्लीच पायजे."

शेषरावभाऊंनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाले, "खरं हाय. मंग तहसीलदार साहेबाले मीच सांगतो."

आणि खरंच सांगितलं! पुढे तहसिलीतून जागेची रीतसर पाहणी झाली तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच उभे राहिले आणि माझ्या बापाच्या आधीपासून हे लोक याच गल्लीतून येतात, असं ठासून बोलले. त्यांच्यामागे शेजारचे दोन-तीन शेतकरीही बोलले. आमचे पाळकसाहेब तर असे ठणकावून बोलले की मी बघतच राहिले. तार निघाली.

त्या पहाटे शेषरावभाऊंना कोणी जागं केलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की देवावर सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी इतके दिवस उगाच समजत होते. आई पाय नेतील तिथवर गेली, अडली तिथे गायली आणि पुढचं त्याच्यावर टाकून मोकळी झाली. मला अजून ते नीट जमत नाही. भांडण अजून होतं, पण आता मी देवाशी तोंड उघडून भांडते, आणि मग आभारही मानते.

आईचा आजार आहे तिथेच आहे, डॉक्टर काही लपवत नाहीत. गल्ली मोकळी झाल्यावर ती काठी टेकत बाबांच्या कबरेपर्यंत चालत गेली, शेजारची जागा नीट न्याहाळली, तिथलं गवत उपटलं आणि लगेच परत फिरली. मी म्हटलं, अगं, बस की जरा निवांत. तर माझ्या खांद्यावर हात टाकत म्हणाली, "आता कायची घाई हाय वं? रस्ता तं मोकळा हाय."