आरशावरची वाट

पनवेलच्या बाजारातला आमचा न्हावी एका पायाने अधू होता. नव्याने सुरू झालेल्या एसटीने कर्नाळा चढायला येणाऱ्या मुंबईच्या पोरांना तो साबणाच्या फेसाने आरशावर गडाची वाट काढून दाखवायचा, तीही ऐकीव. दाढी करून घेताना मी एकदा चेष्टेने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी गेलात?"

वस्तरा माझ्या गळ्याशी थांबला. "सोमवारी दुकान बंद असतं. धा वाजता गडाकडं बगा."

सोमवारी बघतो तर सुळक्याच्या पायथ्याशी आरसा लख्ख चमकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा!

"पोचला!" मी भर बाजारात ओरडलो.

पुढच्या रविवारी त्याने पोरांना नेहमीची वाट काढून दिली, आणि मध्येच बोटाने एक ठिपका ठेवला.

"हितं मी पानी प्यालो."