हॅरोचा डायनर एजवेअरला गेला

लंडनच्या हॅरोत राहून तुम्ही श्यामलाबाई देवधरांच्या हातचे पॅनकेक खाल्ले नसतील, तर इतकी वर्षं केलंत तरी काय, कोण जाणे! बाई मूळच्या नागपूरच्या, वय छप्पन्न. गेली तेरा वर्षं डॉक्टर पद्माकर कर्णिकांच्या अमेरिकन डायनरमध्ये, म्हणजे तिकडच्या पद्धतीच्या साध्या खाणावळीत, तव्यापाशी उभ्या. जीभ तिखट, पण कुणाचा कप रिकामा दिसला की न मागता कॉफी ओतणार.

डॉक्टर तरुणपणी दोन वर्षं न्यू जर्सीत होते, तिथे डायनरच्या प्रेमात पडले ते कायमचे. रिटायर झाल्यावर त्यांनी तिकडचा एक जुना डायनर चक्क बोटीनं मागवला. स्टीलचा, रेल्वेच्या डब्यासारखा लांबडा. आल्यागेल्याला इतिहास ऐकवायचे, "आधी घोडागाड्या होत्या बरं का! रात्रपाळीच्या कामगारांना गरम जेवण विकायच्या. मग कारखान्यात अख्खे डायनर बनायला लागले, लॉरीवर चढून गावोगाव जायचे. आणि अशाच काउंटरवर बसू द्या म्हणून तिथल्या काळ्या माणसांनी मार खाल्लाय, हेही लक्षात ठेवा."

"अहो डॉक्टर, त्याचं ऑम्लेट गार होतंय," श्यामलाबाई मधेच म्हणायच्या.

त्यांचा जीव होता त्या काउंटरवर. ट्यूब रेल्वेचा ड्रायव्हर, सर्जन, पुण्याहून नुकती आलेली आयटीतली पोरं, सगळी कोपराला कोपर लावून बसायची. नवरा गेल्यापासून घरात कुणी हाक मारणारं नव्हतं. इथे मात्र दार उघडल्या उघडल्या 'मॉर्निंग, श्यामला!' सुरू व्हायचं.

आणि मार्चमध्ये जागेच्या मालकानं कळवलं, लीज वाढवणार नाही, इथे फ्लॅट्स होणार.

"संपलं, श्यामलाबाई. तोडून टाकतील," डॉक्टर म्हणाले. चौऱ्याहत्तरीचा माणूस, एका दिवसात खचला.

बाईंना आधी रडू आलं. मग आला राग. दर सोमवारी तव्यामागचा चिकटा खरवडताना त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. जमिनीपासून छतापर्यंत सरळ जोड, आणि त्यावर अंगठ्याएवढे बोल्ट. त्यांनी डॉक्टरांना बाही धरून तिथे नेलं.

"हे काय आहे?"

"दोन भाग जोडलेत. बोटीवर तसेच आले होते."

"मग तसेच जाणार नाहीत? लॉरीवरून गावोगाव जायचे म्हणून रोज लोकांचं डोकं खाता, आणि आपली वेळ आली तर हातपाय गाळून बसलात? कमाल आहे तुमची!"

डॉक्टर इतक्या जोरात हसले, की काउंटरवरची माणसं वळून पाहायला लागली.

त्यातच होते शशी पटवर्धन, शेजारच्याच एजवेअरजवळ त्यांचं रोपं-कुंड्या विकायचं गार्डन सेंटर. रोज पॅनकेक खाणारा माणूस! "माझ्याकडे मागची जागा रिकामी आहे," ते म्हणाले. मग कौन्सिलच्या परवानगीचे कागद, इंजिनियरची तपासणी, नकार, पुन्हा अर्ज. बाईंनी सात महिने सगळ्यांना नुसतं भंडावून सोडलं.

ऑक्टोबरात एका सकाळी क्रेननं पहिला भाग उचलला. डॉक्टरांनी डोळेच मिटून घेतले. श्यामलाबाई खालून ओरडत होत्या, "सावकाश! स्लोली, प्लीज, स्लोली!" दुपारपर्यंत दोन्ही भाग गार्डन सेंटरमागे टेकले, आठवडाभरात बोल्ट घट्ट झाले, गॅस जोडला गेला.

डॉक्टरांनी किल्ल्या बाईंच्या हातात ठेवल्या. "मी थकलो आता. तुम्ही वाचवलात, तुमच्याच नावावर करतोय. नाही म्हणू नका."

तेवढ्यात भुकेले कामगार चिखलाच्या पायांनी धाडधाड आत शिरले आणि बाई कडाडल्या, "आधी बूट पुसा! माझ्या डायनरमध्ये हे चालायचं नाही!"

बोलून गेल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिथेच डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या.