दुसऱ्या पंगतीवरचा प्रबंध

संस्कृती अभ्यासात एम.ए. करायला मी यवतमाळहून पुण्यात आले, तेव्हा पोरगी नक्की काय शिकते हे घरी कुणालाच सांगता येईना. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "मराठीच्या पुढचं काहीतरी आहे." पहिले सहा महिने मलाही याहून जास्त सांगता आलं नसतं. मग एकदम सगळं कळायला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. सत्ता, वर्ग, परीघ असले शब्द हाती लागल्यावर मला जिकडेतिकडे तेच दिसू लागलं. कंडक्टर कुणाला 'अहो' म्हणतो आणि कुणाला 'ए', याच्यासुद्धा मी नोंदी करायचे. मैत्रिणींनी माझ्याबरोबर सिनेमाला जाणं सोडलं. त्यांचं काही चुकलं नाही.

प्रबंधाचा विषय मला जेवताना मिळाला. नारायण पेठेत एका काकूंची खाणावळ होती, तिथे मी दुपारी जायचे. दोन पंगती बसत, साडेबाराला पहिली आणि सव्वाला दुसरी. पहिलीत पुण्याची नि आसपासची मुलंमुली, दुसरीत आम्ही विदर्भातले. पहिल्या दिवशी काकूंनी माझं गाव विचारलं आणि म्हणाल्या, "तू सव्वाला येत जा." का, ते काही सांगितलं नाही. आमच्या पंगतीला येणारी आमटी गडद आणि दाट असायची. मी ताडलं, ही आटलेली, म्हणजे उरलेली. चवीला ती झकास होती, पण ते मुद्द्यात बसत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. शिवाय काकू आपलं ताट घेऊन आमच्यातच बसायच्या. त्याचाही अर्थ मी लावला: परक्यांवर नजर ठेवणं. मुख्य प्रकरणाची चाळीस पानं आठवड्याभरात लिहून झाली. राग आला की माझा हात भराभर चालतो.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी ती शांतपणे वाचली. चष्मा काढून म्हणाल्या, "भाषा छान आहे. पहिल्या पंगतीत जेवलीस कधी?"

"नाही."

"मग आमटी उरलेली आहे, हे तुला कुणी सांगितलं? आमटीनं?"

बाई पुढे म्हणाल्या, "एकदा तिथे जेव. आणि हे प्रकरण त्या काकूंना वाचून दाखव. त्याशिवाय मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे प्रबंध जमा होणार नाही, आणि वर्ष हातचं जाणार. घरून मला दोनच वर्षांची मुभा होती. तिसऱ्याचं नाव काढलं असतं तर स्थळं बघायला सुरुवात झाली असती. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. बाईंचा मला इतका राग आला की जिना उतरताना मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला जाऊन बसले. काकूंनी भुवई उंचावली, पण वाढलं. आमटी पातळ होती, गूळ घातलेली, लसणाचा पत्ता नाही. पंगत उठत आली तसा आतून ठेचण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्यांना ठसका लागला. मी उष्ट्या हाताने उठून आत डोकावले. काकू लसूण-मिरचीची सणसणीत फोडणी नि दाण्याचं कूट पातेल्यातल्या बाकीच्या आमटीत घालत होत्या. एकदा फोडणी पडली की आमटी पुन्हा गोड करता येत नाही, म्हणून गोड खाणारे आधी. इतकं साधं होतं. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तरी प्रकरण वाचून दाखवायचं होतंच. तीन वाजता काकू मेथी निवडायला बसल्या, तेव्हा मी समोर बसून वाचलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "दीड वर्ष जेवलीस. आत येऊन एकदा विचारलं असतंस तर चाळीस पानं वाचली असती."

मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. फाडून टाकते."

"फाडू नकोस. तू लिहिलंयस ते खोटं नाही, जुनं आहे. सासूबाई चालवायच्या तेव्हा दुसऱ्या पंगतीला खरंच उरलेलं असायचं. तेव्हा तिथे कोण बसायचं, माहितीये?"

"बाहेरगावची मुलं?"

"आणि मी. अकोल्याची सून." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "आमटीवर तिखट मागितलं तर म्हणायच्या, इथं राहायचं तर इथलं खायला शीक. त्या गेल्या, त्याच आठवड्यात मी खलबत्ता काढला. आणि तुमच्यावर नजर कसली ठेवतेय? मला भूक लागलेली असते."

काकूंचं इतकं स्वच्छ पुणेरी बोलणं ऐकून त्या आमच्याकडच्या असतील असं मला दीड वर्षात एकदाही वाटलं नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी निम्मी मेथी माझ्यापुढे सरकवली आणि मी निवडत, विचारत, लिहीत बसले. सात दिवस रोज तेच. आठव्या दिवशी बाईंनी सही केली. शिकवणारे बरेच भेटले, पण त्या दोघींचं देणं मला फिटणार नाही.

सहीनंतर ऋणनिर्देश तेवढा राहिला होता. त्यात मी काकूंना 'साक्षात अन्नपूर्णा' म्हटलं होतं. छापण्याआधी त्यांना दाखवलं, तर त्यांनी माझ्याच पेनाने तो शब्द खोडला.

"देवी दमते का कधी? मी दमते. ते लिही."

आता तिथे असं छापलेलं आहे: 'सव्वाच्या पंगतीला, दमून, माझ्या शेजारी जेवायला बसणाऱ्या काकूंची मी आभारी आहे.'