आक्कानं ओळखलेलं दुखणं

मी आज पदवीधर आहे, सोलापुरात कचेरीत नोकरीला आहे, ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. चौथीनंतर आक्का तात्यांबरोबर मेंढरांमागं गेली, म्हणून मला शाळेत जाता आलं. घरात पहिली डिग्री माझी. आणि तात्यांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, आजारपणात चुकला तो डिग्रीवालाच.

आई गेल्यावर तात्या माझ्याकडे राहायला आले. उभा जन्म माळावर चाललेला माणूस दोन वर्षांत उंबरठ्याशी अडखळू लागला. फरशीला चिकटल्यासारखे पाय घासत चालायचे. पुढं धोतर ओलं होऊ लागलं. जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. मी गुडघ्याच्या गोळ्या आणल्या, तेल चोळलं आणि वय झालं अशी मनाची समजूत घातली.

मग आक्का सांगोल्याकडच्या सासरहून भेटायला आली. तात्या मोरीकडं निघाले होते. ती नुसती बघत राहिली.

"बारक्या, ह्यांच्या डोस्क्यात पानी झालंय."

"आक्के, काय पण!"

"मेंढराच्या मेंदूत पान्याची गाठ झाली की आदी चाल बिगडती. मग ते कळप इसरतं. गुडघं दुखनारा मानूस कन्हतो. तात्या कन्हत्यात का? त्यांला पाय उचलायचं सुचंनाच झालंय."

"तात्या म्हंजे मेंढरू हायेत व्हय?" मी हसलो.

"तुज्यापरास मेंढरू बरं, हाक मारली की ऐकतं तरी. डाक्टरला एवढं इचार. हसला तर मला हसंल की!"

मोरीतून तात्यांचा आवाज आला, "कुनाचं मेंढरू हरवलं?"

आक्का त्यांना हात द्यायला मोरीकडं धावली.

मेंदूच्या डॉक्टरांना मी आक्काचं म्हणणं लाजत लाजत सांगितलं. ते हसले नाहीत. "मेंढरांचा रोग वेगळा," म्हणाले, "पण चालीवरून डोक्याकडं बघितलं ते अगदी बरोबर." स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या पाण्यानं फुगलेल्या दिसल्या. कंबरेतून सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि चाल सुधारते का बघायचं, असं ठरलं. सुधारली, तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची आशा.

त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना जवळजवळ ओढतच चालवलं होतं. पाणी काढल्यावर काही तासांनी पुन्हा उभं केलं. तात्यांनी पाऊल उचललं. दुसरं उचललं. मग माझ्यावर खेकसले, "सोड की हात! किती आवळतोस?"

इतकं गोड खेकसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. जादा पाणी निघून जावं म्हणून डोक्यातून पोटात एक नळी बसवली. फोनवर आभार मानू लागलो की आक्का म्हणते, "ठेव आता, मेंढरं कोंडायचीत." म्हणून तिला पत्र पाठवलं:

"आक्का,

तात्या आज मंडईपर्यंत जाऊन आले. वळताना एकदा थांबले, पण भिंत धरली नाही. धोतर कोरडं असतं. आपली गल्ली अजून चुकते. सगळंच परत येईल असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण काल स्वतःहून विचारलं, 'थोरलीकडं कवा जायचं?'

मी तोंडानं बोललो नाही, पण तुला अडाणी समजलो होतो. माफ कर.

रविवारी आम्ही येतोय. एकटाच जातो म्हणून ते भांडतायत, तेव्हा मी एसटीत मागच्या सीटवर बसेन. स्टँडवर हात द्यायला पुढं येऊ नकोस. लांब उभी राहा आणि त्यांना चालत येताना बघ.

तुझा,
बारक्या"